उंट बांधल्यानंतर

सोलापूरला माझ्या भाचीच्या घरी फ्रीजवर एक कागद चिकटवलेला असे. त्यावर तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे पेनाची खूण. गोठवून ठेवलेला गर्भ तिच्या गर्भाशयात सोडला होता आणि रोज रात्री नऊला प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन होतं. तेलातलं दाट औषध. नवरा टोचायचा, गाठी यायच्या, मग गरम पाण्याची पिशवी. एका रात्री वलीम्याहून परतायला उशीर झाला आणि इंजेक्शन सकाळी दिलं गेलं. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत.

"खाला, त्या रात्री चुकलं म्हणूनच ना?" तिने विचारलं.

प्रश्न वेडा नव्हता. एरवी बीज बाहेर पडलं की अंडाशयात त्याच जागी एक पिवळसर पिंड तयार होतो आणि गर्भ रुजवणारं प्रोजेस्टेरॉन पुरवतो. १९७०च्या दशकात चापो या संशोधकाने दाखवलं, की सातव्या आठवड्याआधी हा पिंड काढला तर गर्भ पडतो. नंतर काढला तर टिकतो, कारण तोवर वार ते काम उचलते. भाचीच्या उपचारात बीज बाहेर पडलंच नव्हतं, म्हणून पिंडही नव्हता. सारा भार सुईवर. अशा बाईला "जे व्हायचं ते होतं" म्हणून गप्प करणं मला खोटेपणाचं वाटतं.

पण सुईचीही हद्द आहे. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो, आणि तो बहुधा गर्भ धरतानाच ठरलेला असतो. तो कोणत्याही औषधाने सुधारत नाही. वारंवार गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रियांच्या २०१५च्या चाचणीत प्रोजेस्टेरॉनने जिवंत जन्मांचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही. शिवाय तेलातलं औषध स्नायूतून सावकाश रक्तात उतरतं. एका उशिरावर बोट ठेवता येणार नाही, असं तिच्या डॉक्टरांनीही सांगितलं.

घरात मात्र दोन निकाल आधीच लागले होते. सासूबाई म्हणाल्या, "एवढं नाजूक असताना वलीम्याला जायची काय गरज होती?" शेजारची म्हणाली, "डॉक्टरांनी बनवलेलं मूल, अल्लाहची मर्जी नव्हती." एकीने सगळं सुईला दिलं, दुसरीने काहीच दिलं नाही. आरोपी दोघींची एकच. (शेजारणीला ठाऊक नसावं, पती-पत्नीच्याच बीजांचा हा उपचार १९८६ साली अम्मानला भरलेल्या इस्लामी फिकह अकादमीने खबरदारीच्या अटीवर मान्य केला आहे.) आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, ही हदीस आपण मुलांना सांगतो. बांधलेला उंटही मेला तर गाठ कुणी सैल मारली याची चौकशी करा, असं त्यात कुठे आहे? बांधणं माणसाकडे दिलं, उंटाचं आयुष्य दिलेलं नाही. ज्याच्या हातात दोरी नव्हती त्याला कुणी विचारत नाही. जिने रोज गाठ मारली तिचीच उलटतपासणी होते. नव्या औषधांनी आपल्याला उमेद दिली, आणि दोष द्यायला एक जागाही.

स्कूटर त्या रात्री नवरा चालवत होता, टोचायचाही तोच. त्याला कुणी काही विचारलं नाही. तो गच्चीवर एकटा रडला, हे मला भाचीनेच सांगितलं.

मी तिला एवढंच म्हटलं, "नाही, बेटा." मग आम्ही फ्रीजसमोर उभ्या राहिलो. उशिराच्या त्या तारखेपुढेही खूण होती. ती तिने सकाळी, इंजेक्शन झाल्यावर केली होती.