वारसा कोणी घ्यावा?

भिवंडीतील आमच्या एका वीणेकऱ्यांच्या तेराव्यालाच मुलांत यंत्रमागांची वाटणी निघाली; वीणा कोणी मागितली नाही. श्रोतेहो, आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी पोचलो, असे ते म्हणत. पंथ निराळा, असो. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, १९१९ साली देह ठेवला. मागे काय? अपुरे ‘ख्रिस्तायन’! ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या बाईंनी हो! द्रव्याच्या वारसाला सही पुरते. इथे मात्र ओवी ओवी झिजावे लागले. मुलांस काय बोल लावावा? वीणा अजून खुंटीवर आहे. आम्हीही ती मागितली नाही.