न दिसणाऱ्या सूर्याबद्दल धन्यवाद



पावसात डोंगर हिरवेगार झाले, समुद्रात सूर्य बुडताना आभाळ लाल झाले की आपल्या तोंडून सहज निघते, “देवा, किती सुंदर!” डोळे धड असताना अशी स्तुती सोपी असते. पण काहीच दिसेनासे होते तेव्हा काय?

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी सृष्टीचे प्रसिद्ध स्तुतिगीत रचले ते इ. स. १२२५ साली. त्या वेळी डोळ्यांच्या आजाराने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उजेड सहन होत नसे. असिसीजवळच्या सान दामियानो येथे ते अंधारात पडून असत. उंदरांच्या त्रासाने रात्री झोपही येत नसे. अशा अंधारात त्यांनी सूर्याला ‘भाऊ’ म्हटले! चंद्र आणि पाणी यांना बहीण, अग्नीला भाऊ, धरणीला बहीण आणि आई म्हटले. आणि हे सर्व लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या बोलीत.

ज्याच्याकडे पाहताही येत नाही, त्या सूर्याबद्दल आभार कसे मानले? कारण फ्रान्सिसची नजर देणगीपलीकडे, देणाऱ्यावर होती. माझे डोळे गेले म्हणून सूर्य उगवायचा थांबत नाही. पित्याचे प्रेमही थांबत नाही.

आपल्या धर्मग्रामात कित्येक वडीलधारी माणसे आज खाटेवर आहेत. त्यांना चर्चला येता येत नाही, अंगणही दिसत नाही. आजी-आजोबांनो, अंथरुणावरून तुम्ही देवाला म्हटलेला एक ‘धन्यवाद’ संत फ्रान्सिसच्या गीताच्या फार जवळचा आहे.

आणि आपण धडधाकट माणसे? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जपणुकीविषयी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. त्याचे नाव याच गीतातून घेतले आहे. पाणी आपली बहीण असेल, तर नुसते कौतुक पुरेसे नाही. सहलीला जाऊन आपण धबधब्याचे फोटो काढतो आणि प्लास्टिकच्या पिशव्या तिथेच टाकून येतो. बहिणीच्या अंगावर कचरा फेकून तिच्या रूपाची स्तुती कोणता भाऊ करील?

‘युखरिस्त’ या शब्दाचा अर्थच आभार मानणे. आज वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतील, तेव्हा मातीचे, पावसाचे, सूर्याचेही स्मरण करू या. मिस्सानंतर एखाद्या आजारी शेजाऱ्याकडे जाऊ या. त्याची खिडकी उघडू या, घटकाभर बसू या आणि बाहेर काय फुलले आहे ते त्याला सांगू या.

हे पित्या, दिसते त्याबद्दल आणि दिसत नाही त्याबद्दलही तुझे आभार मानायला आम्हांला शिकव. आमेन.