ग्राफिक्स कार्डचे वय आणि दान केलेली वीज

एखादा प्रचंड गणिती प्रश्न लाखो लहान तुकड्यांत विभागायचा, ते तुकडे इंटरनेटवरून जगभरातील सामान्य माणसांच्या घरगुती संगणकांकडे पाठवायचे आणि परत आलेली उत्तरे मध्यवर्ती ठिकाणी पडताळून जुळवायची, या पद्धतीला स्वयंसेवी वितरित संगणन म्हणतात. मर्सेन प्रकारच्या मूळ संख्या शोधणारा ‘गिम्प्स’ हा प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला असला, तरी ही कल्पना घराघरांत पोहोचवली ती मे १९९९ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने सुरू केलेल्या ‘सेटी ॲट होम’ या प्रकल्पाने, ज्यात आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींमध्ये परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधले जात. या सगळ्या उपक्रमाच्या मुळाशी एक साधे गृहीतक होते: संगणक तसाही चालूच असतो, त्याचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसतो, तेव्हा तो रिकामा वेळ विज्ञानाला दिल्याने देणाऱ्याचे फारसे काही जात नाही. त्या काळच्या प्रोसेसरच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरेही होते, कारण रिकाम्या आणि राबणाऱ्या यंत्राच्या वीजवापरात आजच्याइतकी तफावत नसे.

२००६ मध्ये प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’ या प्रकल्पाने ग्राफिक्स कार्डावर चालणारी आज्ञावली आणली आणि हे गृहीतक डळमळू लागले. खेळांतील चित्रे रंगवण्यासाठी घडवलेले हे कार्ड एकाच वेळी हजारो सोप्या आकडेमोडी करते, म्हणून ते वैज्ञानिक कामाला फार उपयोगी पडते. पण रिकामे असताना जेमतेम दहा-पंधरा वॉट घेणारे तेच कार्ड पूर्ण भाराखाली दोनशे ते साडेचारशे वॉट ओढते. याचा अर्थ असा की, ग्राफिक्स कार्ड देऊ करणारा स्वयंसेवक रिकामा वेळ देत नसून वीज देत असतो, आणि जुने कार्ड चांगले की नवे हा प्रश्न त्या विजेतून किती उपयुक्त विज्ञान निघते याच कसोटीवर सोडवावा लागतो. प्रकल्पांकडून मिळणारे श्रेयांक या कामी येत नाहीत. ते प्रत्येक प्रकल्प आपापल्या पद्धतीने वाटतो आणि त्यांच्या बेरजेतून विज्ञान किती झाले हे कळत नाही.

कार्डाची ताकद सहसा टेराफ्लॉप्समध्ये सांगितली जाते. एक टेराफ्लॉप म्हणजे दशांश चिन्ह असलेल्या संख्यांवरील सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. ‘रेडिऑन एचडी ७९७०’ हे २०१२ च्या आरंभी बाजारात आलेले कार्ड २५० वॉटांत सुमारे ३.८ टेराफ्लॉप्स देते; २०१६ चे ‘जीटीएक्स १०८०’ १८० वॉटांत सुमारे ८.९, आणि २०२२ चे ‘आरटीएक्स ४०९०’ ४५० वॉटांत सुमारे ८२.६. प्रत्येक वॉटमागे हिशोब केला तर दहा-अकरा वर्षांत कार्यक्षमता बारा पटींनी वाढलेली दिसते आणि वाद तिथेच संपला असे वाटू शकते. परंतु या आकड्यांत एक मेख आहे. २०२० मध्ये एनव्हिडियाने ‘आरटीएक्स ३०’ मालिकेत गणन-एककांची संख्या कागदावर दुप्पट केली, पण त्यांतील निम्मी एकके पूर्णांकांच्या कामासाठीही वापरली जात असल्यामुळे प्रत्यक्ष वैज्ञानिक कामात वाढ दुपटीने झाली नाही. शिवाय पुष्कळ गणनांचा वेग एककांच्या संख्येपेक्षा स्मृतीतून आकडे किती वेगाने येतात यावर, म्हणजे मेमरी बँडविड्थवर, ठरतो. ‘आरटीएक्स २०८० टीआय’ची बँडविड्थ सेकंदाला ६१६ गिगाबाइट होती, तर ‘आरटीएक्स ३०८०’ची ७६० गिगाबाइट; टेराफ्लॉप्स दुपटीहून अधिक झाले तेव्हा बँडविड्थची वाढ पाव हिश्श्याएवढीही झाली नव्हती.

याहून मोठी मेख अचूकतेची आहे. संगणक दशांश संख्या ३२ बिटांत साठवतो तेव्हा तिला एकेरी अचूकता म्हणतात आणि ६४ बिटांत साठवतो तेव्हा दुहेरी. वर दिलेले सर्व टेराफ्लॉप्स एकेरी अचूकतेचे आहेत. खेळांना दुहेरी अचूकतेची गरज नसते, त्यामुळे घरगुती कार्डांत तिला दिलेली जागा उत्पादक कमी करत गेले. ‘एचडी ७९७०’ दुहेरी अचूकतेचे काम एकेरीच्या एक चतुर्थांश वेगाने करते, ‘जीटीएक्स १०८०’ एक बत्तिसांश वेगाने, तर ‘आरटीएक्स ४०९०’ केवळ एक चौसष्टांश वेगाने. परिणामी या कसोटीवर ‘४०९०’ची ताकद सुमारे १.३ टेराफ्लॉप्स भरते आणि दहा वर्षांनी जुन्या ‘७९७०’ची सुमारे ०.९५. प्रत्येक वॉटमागे पाहिले तर जुने कार्ड चक्क पुढे आहे. यामागे चिपवरील जागा वाचवण्याचे तांत्रिक कारण आहे हे खरे, पण बाजाराचे कारणही तितकेच आहे: भरपूर दुहेरी अचूकता ही विदा केंद्रांसाठीच्या महागड्या कार्डांची मिरासदारी म्हणून राखून ठेवली गेली. घरगुती स्वयंसेवकाला या निर्णयात कोणी विचारले नाही, हे सांगायला नकोच.

गिम्प्सच्या कामात याचा प्रत्यय स्पष्ट येतो. एखादी मर्सेन संख्या मूळ आहे की नाही हे तपासताना कोट्यवधी अंकांच्या संख्येचा वर्ग पुन्हा पुन्हा काढावा लागतो. तो काढण्यासाठी फूरिए रूपांतर नावाची रीत वापरतात आणि त्यात पूर्णांकन करताना होणारी चूक आटोक्यात ठेवण्यासाठी दुहेरी अचूकता लागते. म्हणूनच २०१९ चे ‘रेडिऑन सेव्हन’, ज्याची दुहेरी अचूकता तीन टेराफ्लॉप्सच्या वर आणि बँडविड्थ सेकंदाला एक टेराबाइट होती, खेळाडूंनी फारसे मनावर घेतले नाही तरी मूळ संख्या शोधणाऱ्यांनी जपून ठेवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या, ४,१०,२४,३२० अंकी बावन्नाव्या ज्ञात मर्सेन मूळ संख्येचा शोध मात्र घरातील कार्डावर लागलेला नाही. एनव्हिडियाचे माजी कर्मचारी ल्यूक ड्युरंट यांनी अनेक देशांतील विदा केंद्रांत भाड्याने घेतलेल्या कार्डांपैकी डब्लिनमधील एका ‘ए१००’ने तिचा सुगावा दिला आणि टेक्ससमधील ‘एच१००’ने तो पक्का केला. राखून ठेवलेली दुहेरी अचूकता इथे पैसे मोजून परत मिळवावी लागली.

तथापि, जुन्या कार्डाचा हा कैवार फार ताणता येत नाही. आकाशगंगेच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्या ‘मिल्की वे ॲट होम’ने दुहेरी अचूकतेची कामे वर्षानुवर्षे वाटली, त्यासाठी लोकांनी जुनी रेडिऑन कार्डे शोधून विकत घेतली, आणि २०२३ मध्ये प्रकल्पाने ग्राफिक्स कार्डांचे काम बंद केले. चालक आज्ञावलीचीही हीच गत होते: ‘७९७०’च्या पिढीला एएमडीने २०२१ मध्ये नियमित आधार देणे थांबवले. फोल्डिंग ॲट होमच्या कामात तर नव्या कार्डाची बाजू भक्कम आहे. तिथे रेणूंची हालचाल काही फेमटोसेकंदांच्या टप्प्यांनी मोजली जाते, एका तुकड्याचे उत्तर आल्याशिवाय त्याच मालिकेतील पुढचा तुकडा तयार होत नाही आणि म्हणून संथ कार्ड पुढची सगळी मालिका ताटकळत ठेवते. लवकर परतलेल्या उत्तराला अधिक गुण देण्याची प्रकल्पाची पद्धत यातूनच आली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत स्वयंसेवकांचा एवढा ओघ लागला की प्रकल्पाची एकत्रित क्षमता एका एक्साफ्लॉपच्या, म्हणजे दहा लाख टेराफ्लॉप्सच्या, पुढे गेली आणि त्याच वेळी वाटायला पुरेसे तुकडेही उरेनात. तेव्हा अडसर कार्डांचा नव्हता.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक जवळचा संदर्भ आहे. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प २००५ पासून फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून सतत येऊ शकणाऱ्या गुरुत्वीय लहरी लायगो शोधयंत्रांच्या नोंदींत धुंडाळत आहे. रेडिओ आणि गॅमा किरणांच्या नोंदींतून त्याने अनेक पल्सारही शोधले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहणारे लायगो-इंडिया, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, याच लायगो शोधयंत्रांच्या जाळ्याचा भाग होणार आहे. तेव्हा या प्रकल्पाला कार्ड देण्याची ओढ मराठी विद्यार्थ्याला वाटली तर नवल नाही. पण त्याने हिशोब मांडावा. २५० वॉटचे कार्ड अहोरात्र चालले तर महिन्याला १८० युनिट जळतात, आणि भारतीय वीजजाळ्यात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे धरले तर वर्षाला दीड टन होतो. जर्मनीतील स्वयंसेवक हिवाळ्यात याच उष्णतेने खोली गरम करतो; विदर्भातल्या मे महिन्यात ती उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज मोजावी लागते.

या हिशोबातून निघणारा निर्णय सरसकट नाही. खेळासाठी किंवा चित्रसंकलनासाठी घरात आधीच असलेले नवे कार्ड, त्याची वीजमर्यादा कमाल पातळीच्या बरीच खाली बांधून, एकेरी अचूकतेच्या कामाला लावणे हा बहुतेकांसाठी उत्तम पर्याय आहे, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी कार्ड प्रमाणाबाहेर वीज खाते. केवळ दान करण्यासाठी नवे कार्ड विकत घेणे समर्थनीय ठरत नाही. दुहेरी अचूकता भरपूर असलेले ‘रेडिऑन सेव्हन’सारखे कार्ड मूळ संख्यांच्या कामासाठी अजून राखण्याजोगे आहे. त्याखेरीज दहा वर्षांपूर्वीचे सामान्य कार्ड श्रेयांकांसाठी रात्रंदिवस तापवत ठेवण्याऐवजी बंद करावे.