हात धुणारा साहेब

शेवट आधीच ठाऊक असलेला चित्रपट पाहण्यात एक प्रकारचं सुख असतं. खून कोणी केला याची चिंता नाही, नायिका कोणाच्या गळ्यात माळ घालणार याची धाकधूक नाही. येशूच्या जीवनावरचा चित्रपट हा त्यातलाच. आम्हा वसईकडच्या ख्रिस्ती माणसांना ही कथा चालायला लागायच्या आधीपासून पाठ असते. तरीही क्रूस आला की आमच्या आईचा पदर डोळ्यांना लागायचा, आणि यहूदा दबक्या पावलांनी निघाला की ती पडद्याकडे बघून म्हणायची, "मेल्या, अजून वेळ आहे, माघारी फिर!" यहूदा तिचं कधी ऐकत नसे.

लहानपणी चर्चच्या पटांगणात आम्ही 'दयासागर' पाहिला. मूळ तेलुगू 'करुणामयुडू', १९७८ सालचा; हिंदी बोलायला लागल्यावर 'दयासागर' झाला. त्यात विजयचंदर या नटाने येशूचं काम केलं आहे. याच विजयचंदरने पुढे १९८६ साली एका तेलुगू चित्रपटात शिर्डीच्या साईबाबांची भूमिका केली. हे समजल्यावर आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "असू दे. चांगल्याच घरी गेलाय."

येशूच्या चित्रपटाचं आणि मराठी माणसाचं नातं तसं जुनं आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके गिरगावात एक चित्रपट पाहायला गेले, तो 'द लाइफ ऑफ क्राइस्ट'. मग पत्नीला, सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना दिसत होते कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या. पुढे विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते विलायतेला गेले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवात बेथलेहेमहून गिरगावमार्गे झाली म्हणायला हरकत नाही. फाळके कर्जासाठी आमच्या काउंटरवर आले असते, तर मात्र भारतीय चित्रपटसृष्टी अजून सुरू व्हायची होती. मीच त्यांना सांगितलं असतं, "प्रोजेक्ट रिपोर्ट तीन प्रतींत आणा आणि मंगळवारी या."

फाळक्यांना ख्रिस्तात कृष्ण दिसला. अस्मादिक पडले कॉमर्सचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. आम्हाला ख्रिस्ताच्या चित्रपटात बँक दिसते!

हसू नका. देवळातला प्रसंग घ्या. रोमी नाणी देवळाच्या करासाठी चालत नसत, ती बदलून द्यायला सराफ टेबलं मांडून बसत. येशू येतो, टेबलं उलथतो, नाणी चहूकडे गडगडत जातात. सगळे प्रेक्षक खूश. माझ्या पोटात मात्र गोळा येतो. आता ही कॅश टॅली कोण करणार? रोमी वेगळी काढा, देवळाची वेगळी काढा, एक नाणं हमखास कुणाच्या तरी चपलेखाली. तो बिचारा घरी किती वाजता पोहोचला असेल?

किंवा मत्तय. जकात नाक्यावर बसलेला माणूस. (तलासरीच्या हायवेवर राहणाऱ्यांना नाका म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.) येशू म्हणाला, माझ्यामागे ये, आणि हा उठून चालू लागला. चार्ज कोणाला दिला? किल्ल्या कोणाकडे? रजेचा अर्ज? आमच्याकडे असं झालं असतं, तर पहिलं शुभवर्तमान अजून खातेनिहाय चौकशीत अडकून पडलं असतं.

आणि यहूदाची तीस नाणी! पश्चात्ताप होऊन त्याने ती परत केली, तर मुख्य याजकांपुढे प्रश्न पडला की ही रक्कम जमा कुठे करायची? रक्ताचा पैसा देवळाच्या खजिन्यात चालत नाही. मग त्या पैशांतून परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतलं. म्हणजे एका निरपराध माणसाचा जीव घ्यायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती नोंद चुकीच्या खात्यात पडायला. आमच्या ऑडिटरसाहेबांना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले.

तर सांगायची गोष्ट अशी, की कैक वर्षं मी हा चित्रपट कॅशियरच्या खुर्चीतून मजेत पाहत आलो. यहूदा कपटी, पेत्र भित्रा, जमाव मूर्ख. आणि आपण प्रेक्षक, म्हणजे अर्थातच येशूच्या बाजूचे. तिकीट काढलेला प्रत्येक माणूस येशूच्या बाजूचा असतो. फुकटात पाहणारासुद्धा.

माझी बदली डहाणूला झाली होती. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून वसईहून जाऊन-येऊन नोकरी करता येते. डहाणू म्हणजे एका बाजूला समुद्र, मधे चिकूच्या वाड्या आणि पलीकडे तलासरीपर्यंत पसरलेले वारल्यांचे पाडे. २०२२ च्या डिसेंबरात ओळखीच्या एका फादरांनी निरोप धाडला, की तलासरीच्या एका पाड्यावर येशूचा चित्रपट दाखवायचा आहे, तुम्ही या. जीप वाटेत दोनदा थांबली, त्यामुळे पोहोचेपर्यंत नावंबिवं होऊन गेली होती. चित्रपट कोणता हे विचारायचं राहूनच गेलं. हिंदीत डब केलेला होता एवढं खरं. दोन ताडांच्या मधे पांढरं कापड ताणलेलं, जनरेटरची घरघर, एका खुर्चीवर लॅपटॉप, पुढे पोरं, मागे म्हातारी माणसं आणि मधूनमधून कुत्री. एक तरुण माइकवरून वारलीत गोष्ट समजावत होता. थंडी मरणाची. मी उभा आहे असं पाहून एका म्हातारीने आपल्या अंगाखालचं गोणपाट अर्धं माझ्याकडे सरकवलं. मी टेकलो.

पिलाताचा दरबार आला. पिलाताने पाण्याच्या भांड्यात हात घातले आणि... लॅपटॉप अडकला! हात पाण्यात, चेहऱ्यावर आंबट भाव, आणि पुढे काही नाही. तो तरुण धावला, कुणी वायर हलवली, कुणी जनरेटरला लाथ घातली. पिलात आपला हात धुतोय तो धुतोयच.

म्हातारीने मला विचारलं, हा कोण? तिची बोली मला लिहिता यायची नाही. समजली तशी सांगतो.

"साहेब आहे तो," मी म्हटलं.

"हात कशाला धुतो? जेवायला बसतोय?"

"नाही, आजी. त्या माणसाचा काही गुन्हा नाही, हे साहेबाला कळलंय. पण सोडायची हिंमत नाही. म्हणून हात धुतोय."

"धुतले म्हणजे काय होतं?"

"म्हणजे... हे माझं काम नाही, असं."

ती पडद्याकडे बघत राहिली. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. मग म्हणाली, "मग काम कोणाचं होतं?"

लॅपटॉप अजून अडकलेलाच होता. आणि मीही.

कारण दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या काउंटरवर अशीच एक म्हातारी आली होती. निराधार योजनेचे पैसे खात्यात पडत होते, पण केवायसी राहिल्यामुळे खातं बंद. बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा जुळेना, आमच्याही यंत्रावर जुळेना. जुळणार कसा? जन्मभर भात लावून आणि गवत कापून अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या. खातं डहाणूचं, चिकूच्या वाडीत कामाला होती तेव्हा उघडलेलं. राहायला आता तलासरीकडे. मी म्हटलं, "तलासरीच्या शाखेत जा." तिथे सांगितलं, "खातं डहाणूचं, डहाणूला जा." शुभवर्तमानात अगदी हेच आहे हो! येशू गालीलचा आहे हे कळताच पिलात त्याला हेरोदाकडे पाठवतो, कारण गालील हेरोदाच्या हद्दीत. हेरोद परत पिलाताकडे पाठवतो. लूक पुढे लिहितो, की त्या दिवसापासून या दोघांची मैत्री झाली. का होणार नाही? एकमेकांकडे काम ढकलण्यासारखी मैत्री दुसरी नाही.

ती म्हातारी तीनदा आली. प्रत्येक वेळी तिने यंत्रावर अंगठा ठेवला, प्रत्येक वेळी यंत्राने नाही म्हटलं, आणि प्रत्येक वेळी मी यंत्राची काच पुसून, कोरोनापासून काउंटरवर ठेवलेल्या बाटलीतलं सॅनिटायझर हातावर घेतलं. तिसऱ्यांदा तर म्हणालोसुद्धा, "आजी, माझ्या हातात काही नाही." खरंच नव्हतं. सॅनिटायझर सोडून.

या अंगठ्याचीही एक कथा आहे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक वाचलंय ना? लग्नासाठी चार पैसे कर्ज घ्यायचे आणि ते फेडायला नवराबायकोने जन्मभर जमीनदाराकडे राबायचं. त्याला म्हणत लग्नगडी. १९४५ साली इथल्याच झरी गावी वारली हजारोंनी जमले आणि त्यांनी ही वेठ झुगारली. तोवर सावकाराच्या कागदावर वारल्याचा अंगठा कधी जुळला नाही असं झालं नाही. तिथे घ्यायचं होतं, अंगठा जुळायचा. इथे द्यायचं आहे, तर जुळत नाही.

आता कोणी म्हणेल, कारकुनाने काय करावं? नियम म्हणजे नियम. मीही तेच म्हणत होतो, आणि त्यात तथ्य आहे. नियम नसता, तर दुसऱ्याच कुणाचा तरी अंगठा तिचे पैसे घेऊन गेला असता. पण त्या गोणपाटावर बसून मला एक फरक कळला. नियम तपासायला सांगतो. परत पाठवायला सांगत नाही. यंत्र जुळेना तर शाईचा अंगठा घ्यावा, फोटो ताडून पाहावा, ओळखीचे साक्षीदार घ्यावेत आणि अधिकाऱ्याने सही करावी, अशी वाट पुस्तकात आहे. तिला अर्धा तास लागतो आणि सहीखाली आपलं नाव राहतं, एवढंच. परत पाठवायला अर्धं मिनिट लागतं आणि कुठेच नाव राहत नाही.

पिलाताचीही अडचण तीच होती. तो काही दुष्ट नव्हता. त्याने चौकशी केली, दोष नाही असं तोंडाने सांगितलं, जमावाची समजूत घातली. बायकोनेही भर कामात निरोप धाडला होता, की या सज्जनाच्या वाटेला जाऊ नका. सगळं त्याने केलं; फक्त जे त्याच्या एकट्याच्या हातात होतं, तेवढं केलं नाही. आणि गंमत पाहा, दर रविवारी चर्चमध्ये आम्ही जे श्रद्धासूत्र म्हणतो, त्यात यहूदाचं नाव नाही, कैफाचं नाही, खिळे ठोकणाऱ्यांचं नाही. मरियेखेरीज नाव आहे ते एका पिलाताचं. हात स्वच्छ धुतलेल्या माणसाचं! चाळीस वर्षं ते मी तोंडपाठ म्हणत आलो आणि एकदाही इकडे तिकडे पाहिलं नाही.

शेजारची म्हातारी तीच होती का? मला सांगता येईना. कारण त्या बाईचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. तीनदा पाहिला होता तो अंगठा. लाज सोडून सांगतो, अंधारात मी या म्हातारीच्या अंगठ्याकडे निरखून पाहिलं. तो तिने लुगड्याच्या पदरात गुंडाळला होता. थंडीच तशी होती.

एवढ्यात लॅपटॉप सुरू झाला. क्रूस आला, अंधार झाला, आणि तिसऱ्या दिवशी येशू उठला तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हातारीने गोणपाट ओढून घडी केलं आणि ती निघून गेली.

सोमवारी मी तलासरीच्या शाखेत फोन लावला. तिकडचा हेरोद भला माणूस निघाला. दोघांनी मिळून यादी काढली. अंगठ्यापायी अडलेली अकरा खाती सापडली. ती एकेक करून शाई, फोटो आणि साक्षीदार घेऊन मोकळी केली. पहिल्याच दिवशी रांगेतले एक गृहस्थ ओरडले, "एका अंगठ्याला एवढा वेळ?" आणि संध्याकाळी माझी कॅश दहा रुपयांनी कमी भरली. पुण्याचा हिशेब काही लगेच टॅली होत नाही.

त्या अकरांत ती होती की नाही, अजून माहीत नाही. आता मी आधी चेहरा पाहतो आणि मग अंगठा मागतो. काउंटरवरची सॅनिटायझरची बाटली मध्यंतरी संपली. नव्या बाटलीसाठी अर्ज वरच्या कचेरीकडे पाठवला होता. त्यांनी तो दुसऱ्या कचेरीकडे पाठवला आहे. तिथून तो परत आमच्याकडे येईल. मला घाई नाही.