‘आढळले नाही’ म्हणजे काय?

पाण्याच्या तपासणी अहवालात शिशासमोर कधी कधी ‘आढळले नाही’ असं लिहिलेलं असतं. मी दौंडचा, भीमेकाठचा. त्यामुळे या शब्दांपाशी मी जरा जास्त वेळ थांबतो. ‘नाही’ हे पाण्याबद्दलचं विधान आहे. ‘आढळले नाही’ हे मोजणाऱ्या यंत्राच्या नजरेबद्दलचं.

ती नजर आता तीक्ष्ण होतेय. १९९१ साली जपानचे सुमिओ इजिमा यांनी कार्बन नॅनोट्यूबचं वर्णन प्रसिद्ध केलं. कार्बनच्या अणूंची ही पोकळ नळी केसापेक्षा हजारो पट बारीक असते. अशा नळ्यांचा थर इलेक्ट्रोडवर दिला, की इवल्याशा जागेत भरपूर पृष्ठभाग मिळतो. विद्युतदाब देऊन पाण्यातलं शिसं आधी त्यावर जमवायचं, मग सोडवायचं. सुटताना वाहणाऱ्या प्रवाहावरून ते किती होतं ते कळतं. लिटरमागे मिलिग्रॅमचा हजारावा भागसुद्धा सापडू शकतो.

त्याच १९९१ च्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम होती. २०१२ च्या मानकात ती ०.०१ झाली. म्हणजे ०.०३ शिसं असलेलं पाणी आधी चालत होतं, नंतर चालेना. पाणी तेच. मग आधी ते प्यायलेल्या पोरांचं देणं कुणाकडे? मला वाटतं, खरोखर माहीत नसताना घडलेल्याचा दोष कुणाला देता येत नाही. पण ही सूट कळेपर्यंतच असते.

प्रश्न असा, की कळलं कुणाला? रक्तातली साखर मोजायचं घरगुती यंत्र याच जातीचं: थेंब, इलेक्ट्रोड, प्रवाह, आकडा. आकडा वाढलेला दिसला की माणूस त्याच संध्याकाळी गोड टाळतो. कळणारा आणि बदलणारा एकच. नदीचं तसं नाही. पुणे-पिंपरीचं पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पुढे एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड, आणि खाली उजनी. दौंडला कितीही बारीक सेन्सर बसवला तरी दौंडकर काय करणार? उकळून शिसं जात नाही. कळतं खाली, बदलता येतं वर.

यावर लोक म्हणतात, मग उगाच घाबरवता कशाला? शोधलं तर प्रत्येक थेंबात काहीतरी सापडेलच. यात तथ्य आहे. सापडलं म्हणजे विष झालं असं नाही, मात्रा बघावी लागते. पण आकडा झाकला तर खालच्या माणसाचा धोका कमी होत नाही. वरच्या माणसाला मात्र ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सेन्सर दौंडला लागावा आणि त्याचा आकडा पुण्यात रोज वाचला जावा. वाचूनही कुणी हललं नाही, तर ते नकळत घडलं असं निदान म्हणता येणार नाही.