गळ्यातली वीणा



अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पहारा बदलला की दोघे वीणेकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. वीणा सांभाळली, असे आपण म्हणतो. पण सांभाळणे म्हणजे काय? धरून ठेवणे, की वेळेवर दुसऱ्याच्या गळ्यात घालणे?

हा प्रश्न मला भातसानगरला भेटलेल्या एका वृद्ध वारली तारपेकऱ्याने घातला. तारपा म्हणजे वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. आपल्या वीणेलाही भोपळाच. भाताची कापणी झाली की पाड्यावर रात्री तारपा घुमतो. वाजवणारा चाल बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावले बदलतात; त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाही. या चालींची पोथी नाही. बापाने वाजवली, मुलाने ऐकली, एवढाच ग्रंथ.

त्या रात्री मी त्यांच्या चाली मोबाइलवर उतरवून घेतल्या आणि म्हणालो, “बाबा, आता काळजी नाही, चाल राहिली.” ते हसले. “राहिली खरी. पण तुझ्या मोबाइलात नाचंल कोण?”

मी मनात दुखावलो. ध्वनिमुद्रण नसते तर त्यांच्यामागे ती चाल कुणी ऐकली असती? हे खोटे नाही. उद्या एखाद्या नातवाला शिकावेसे वाटले, तर तेच त्याच्या उपयोगी पडेल. पण त्यावरून तो शिकला तरच. भातसा धरणात पाणी साठते म्हणून मुंबईची तहान भागते. पण साठवले म्हणून भागत नाही, सोडले म्हणून भागते.

दोष मोबाइलचा नव्हता. चाल साठवली आणि माझे कर्तव्य संपले, असे मी मानले. शिकण्याचे कष्ट टाळले. शिकायचे तर ज्याला येते त्याच्यापुढे वाकावे लागते, चुकावे लागते, पुन्हा पुन्हा रात्री द्याव्या लागतात. आपल्या फडावरच्या जुन्या चालींचेही तेच. म्हातारा टाळकरी आहे तोवर त्याच्या शेजारी उभे राहावे. ‘नंतर ऐकू’ हा शब्द परंपरेला मारक आहे.

पहारा बदलायची वेळ झाली आहे, माउली. वीणा पुढे आली आहे. आपला गळा रिकामा आहे का?