निर्वासिताचे गाणे: निष्ठा कोणाशी?

मौखिक परंपरेचा विचार करताना गाणे आणि भूमी यांचे नाते आपण बहुधा गृहीत धरतो. देशीवादाच्या चर्चेत तर भूमीशी असलेली बांधिलकी हा अस्सलपणाचा एक निकषच ठरला. परंतु ज्यांची भूमीच सुटली, त्यांनी आपले गाणे जपणे म्हणजे नेमके कशाशी प्रामाणिक राहणे? हा प्रश्न सौंदर्यशास्त्रीय आहे, तितकाच नैतिकही आहे. महाराष्ट्रात तो सिंधी निर्वासितांच्या संदर्भात प्रत्यक्ष उभा राहिला.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदूंपैकी अनेकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ मध्ये त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. या लोकांबरोबर लग्नातले ‘लाडा’ आले, शाह अब्दुल लतीफ यांचे कलाम आले आणि गायन, नृत्य व कथन यांचा मेळ असलेला ‘भगत’ हा प्रयोगही आला. पुढच्या पिढ्यांना अरबी-सिंधी लिपी दुरावत गेली, तेव्हा त्या लिपीतला ‘शाह जो रिसालो’ अनेकांसाठी मिटलेला ग्रंथ झाला. उरला तो कान. अशा स्थितीत प्रयोग हा संहितेचा केवळ आविष्कार राहत नाही. तोच संहितेचे अधिष्ठान होतो.

रिसालोतील ‘सुर मारुई’ या दृष्टीने लक्षणीय आहे. उमरकोटच्या राजाने पळवून नेलेली मारुई रेशमी वस्त्रे नाकारते, अंगावरची जाडीभरडी लोई सोडत नाही आणि मलीरच्या आपल्या माणसांसाठी झुरते. सूफी परंपरेत ही ओढ जीवाच्या मूळ स्थानाची मानली जाते. सिंधमध्ये हे गाणे ऐकणारा स्वतःच्या मुलखात होता. उल्हासनगरातला श्रोता मुलखाबाहेर होता. एक अक्षरही न बदलता रूपकाचे चरित्र झाले. भेद एवढाच, की मारुईला अखेर सोडून देणारा उमर होता. निर्वासिताला मुक्त करील असा कोणी समोर नव्हता.

तरीही निर्वासित गायकाकडून आपण अपेक्षा करतो ती ‘मूळ रूप’ जसेच्या तसे राखण्याची. ही अपेक्षा न्याय्य आहे काय? देवगाव फाट्याच्या आसपासच्या आमच्या गावांत पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी आपल्याच घरात निराधार झाली. त्याबद्दल कोणी त्या बायांना परंपराद्रोही म्हटले नाही. घरी राहिलेल्यांना विसरण्याची व बदलण्याची जी मुभा असते, तीच आपण घर गमावलेल्यांना नाकारतो. त्यांच्या गाण्याला आपण संग्रहालयातली वस्तू करू पाहतो.

मग निष्ठा उरते ती कशाशी? माझ्या मते, हरवलेल्या श्रोत्याशी. भगत कंवरराम सूफी कलाम गात, आणि ते ऐकायला हिंदू आणि मुसलमान दोघेही बसत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचे स्मरण दोन प्रकारे करता येते: एका समाजाचा हुतात्मा म्हणून, किंवा दोन्ही समाजांना एकत्र बसवणारा आवाज म्हणून. पहिल्या स्मरणाला दुःखाचा आधार आहे. त्याला खोटे म्हणण्याचा अधिकार ते दुःख न भोगलेल्या आपल्याला नाही. पण ते एकटे उरले, तर गाणे अस्मितेचे निशाण बनते आणि ज्या मैफलीतून ते जन्मले तिलाच परके होते. शाहांचे कलाम आजही सिंधमध्ये गाइले जातात. तिथल्या मैफलीतही गेलेल्या शेजाऱ्याची जागा मोकळी आहे. भूमी परत मिळवून देणे गायकाच्या हाती नाही. ती मोकळी जागा बुजू न देणे मात्र त्याच्या हाती आहे.

म्हणून चाल बदलली, वाद्ये बदलली, लिपी बदलली, एवढ्याने परंपरा भंगली असे समीक्षेने म्हणू नये. गाण्यातून कोणाचे नाव गळाले, हे तिने पाहावे.